गाडीची विचारपूस : फसलेली कार, टोचन आणि टायरची हवा

प्रश्न : पांदणीत कार फसली. शेजारच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढली, तर पुढचा बंपर हातात आला आणि चाकाजवळचा लोखंडी आर्म वाकला. दोर नेमका कुठे बांधायचा असतो?
— एक वाचक, राळेगाव

उत्तर : बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो ओढण्यासाठी नाहीच. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्मही नाही. तो जरासा वाकला तरी अलाइनमेंट जाते आणि टायर एका बाजूने झिजतो. ओढण्यासाठी गाडीसोबत वेगळा हुक येतो. स्टेपनीजवळ जॅक आणि पान्याच्या पिशवीत पाहा, बोटभर जाडीचा, एका टोकाला कडी आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेला रॉड दिसेल. जुनी गाडी घेतलेल्यांच्या पिशवीत बहुतेकदा तोच नसतो, म्हणून आजच बघून ठेवा.

बंपरवर एका कोपऱ्यात छोटं चौकोनी झाकण असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून ते उचका आणि हुक आत फिरवा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, त्यामुळे सरळ बसत नसेल तर जबरदस्ती न करता डावीकडे फिरवून पाहा. हाताने घट्ट झाला की कडीत चाकाचा पाना घालून हुकाची मान पूर्ण टेकेपर्यंत आवळा. अर्धवट बसलेला हुक पहिल्याच ताणात वाकतो, मग बाहेरही निघत नाही.

पण ट्रॅक्टर बोलावण्याआधी एक प्रयत्न करा. काळी माती पाणी पिऊन फुगते. चाक जागेवर फिरवलं की टायरच्या नक्षीत ती ठासून भरते आणि टायर लिंपलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत होतो. जितकं जास्त फिरवाल तितकं चाक खाली जातं, आणि एकदा गाडीचं पोट मातीवर टेकलं की चाकं नुसती हवेत फिरतात. म्हणून चाक फिरायला लागलं की पाय काढा. फावड्याने चाकासमोरची माती उताराने काढा, पोटाखालचीही. मग चाकाला अगदी भिडवून पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या टाका, त्यावर बारदाना. बहुतेक कारमध्ये पुढची चाकं ओढतात, बोलेरोसारख्या गाडीत मागची. ओढणाऱ्या चाकांतली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप, पंपावरचे ‘पॉइंट’) उतरवली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. त्यासाठी हवा भरायचा छोटा पंप डिकीत हवा. ट्रॅक्शन कंट्रोलचं (चाक घसरलं की इंजिनचा जोर आपोआप कमी करणारं) बटण असेल तर बंद करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घेऊ नका.

नाहीच निघाली तर ट्रॅक्टर. जिकडून आत गेलात तिकडेच मागे ओढणं बरं, कारण तो चाकोरा ओळखीचा असतो. पुढे काय आहे हे चिखल सांगत नाही. दोर जाड नायलॉनचा घ्या. साखळी किंवा वायररोप ताण न खाता एकदम तुटतो, आणि तुटलेलं टोक माणसाचा पाय मोडू शकतं. दोराच्या मधोमध ओलं बारदान टाकून ठेवा, म्हणजे दोर तुटला तरी उसळत नाही. पोरं बघायला जमतातच. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत कुणालाही उभं राहू देऊ नका, आणि दोर तर कुणाला ओलांडूच देऊ नका.

ट्रॅक्टरकडचं टोक खालच्या हिचलाच, म्हणजे ट्रॉली जोडायच्या जागीच, बांधा. वर टॉपलिंकच्या (अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या) जागी बांधलं आणि कार हलली नाही, तर ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या चाकांभोवती फिरून चालकावर उलटतो. यात मधली सवलत नाही. आधी पहिल्या लो गिअरमध्ये पुढे सरकून दोराची ढील काढा, मग सावकाश ताण द्या. झटका देऊन गाडी लवकर निघते हा समज खोटा, झटक्याने हुकाची वेल्डिंग निघते. कारमध्ये चालक बसलेला, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक खाली.

घरी आल्यावर गाडी वरून धुतली की झालं असं नाही. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा. बॅलन्सिंग करताना तिथे ५-१० ग्रॅमच्या पट्ट्या लावतात, आणि तुमच्या रिममध्ये पाव किलोचं वाळलेलं ढेकूळ चिकटलेलं असतं. ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंटचे पैसे देऊन येतात आणि थरथर तशीच राहते. काडीने खरवडून पाण्याने धुवा. रेडिएटरसमोरची मातीही काढा.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर दोर लावून जिल्ह्याच्या गावापर्यंत टोचन करून नेता येईल का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : नाही. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंपही बंद असतो. चाकं फिरत राहतात, आतले भाग कोरडे घासतात. रस्त्याच्या कडेला नेण्यापुरतं न्यूट्रलमध्ये ढकला, त्यापुढे सपाट ट्रक, म्हणजे फ्लॅटबेड, बोलवा. नाहीतर ओढणारी चाकं उचलून न्यावी लागतात. इलेक्ट्रिक गाडीला तर फ्लॅटबेडच, कारण चाकं फिरली की मोटर वीज बनवू लागते. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी गाडी वेगळी. तिच्या पोटात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, मात्र बॅटरी गेली आणि ती गिअरमध्ये अडकली असेल तर न्यूट्रल मिळणार नाही. तिलाही उचलूनच न्या.

साध्या मॅन्युअल गाडीचं टोचन जमतं, पण जवळच्या गॅरेजपर्यंतच. नियमाने दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि वेग २० च्या आसपास ठेवा. मागच्या गाडीची किल्ली ‘ऑन’वर हवी, नाहीतर वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असल्याने ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. मागच्या माणसाने पुढच्याच्या आधी ब्रेक धरून दोर ताणलेला ठेवायचा, म्हणजे मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही. अंधार पडल्यावर हे करूच नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची जोड असेल तर तिचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा ५ पॉइंट कमी ठेवावी असं पंपावर सांगतात. समृद्धी महामार्गावरून जायचं असेल तर किती ठेवावी?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : कमी ठेवली तरच फुटण्याची भीती. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, या लवण्यातून उष्णता तयार होते. शंभरच्या वर वेग, पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, खाली तापलेला सिमेंटचा रस्ता, मग आतले थर सुटतात. बाहेरून काही दिसत नाही.

आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. तिथे दोन रकाने असतात, कमी वजनाचा आणि पूर्ण वजनाचा. लांबच्या प्रवासाला दुसरा धरा. हा आकडा थंड टायरचा असतो, म्हणून सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत हवा तपासा. १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो. सकाळी २५ अंशांत ३३ भरलेला टायर दुपारी चालून ६० अंशांपर्यंत तापला की ३८-३९ दाखवणारच. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. तिथे पंपावर थांबून ‘जास्त आहे’ म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २७-२८ वर आलेला असतो. टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायचे पैसे वाचवा, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हवा पाहा. स्टेपनीचीही.

टायरवर चार आकडे पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. गाडी फार फिरत नाही म्हणून नक्षी शाबूत असते, पण रबर वयाने कडक होतं. बाजूवर बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, टायर बदला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तोही संपला. चर पाहा, तळाशी आडवे उंचवटे असतात, ते नक्षीच्या पातळीला आले की समजा.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोरचं पाणी टाकत होतो. आता कूलंट तपकिरी झालंय आणि चढावर तापमानाचा काटा वर जातो.
— एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : बोरच्या पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत थर धरतात, चहाच्या भांड्याला धरतात तसे. तपकिरी रंग म्हणजे आत गंजही सुरू झाला. गॅरेजमध्ये पूर्ण फ्लश करून घ्या, मग पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. दोन वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका.

रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू (मे महिन्यात नको वाटेल, पण इंजिनची उष्णता तिकडून निघते), बाजूला घेऊन गाडी बंद. झाकण किमान ४० मिनिटं उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते वाफेसकट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकतं.

प्रश्न : जिनिंगजवळ राहतो. हंगामात एसी गार होत नाही, गॅस भरून झाला.
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : पुढच्या जाळीतून कंडेन्सरकडे, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसारख्या भागाकडे, टॉर्च मारा. कापसाचा भुगा आणि धूळ मिळून तिथे पांघरूण तयार झालेलं दिसेल. इंजिन थंड असताना साध्या नळाच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने पत्र्याच्या पात्या आडव्या होतात. एअर फिल्टरही पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर तपासा. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो. हवा मारायची तर आतून बाहेर, तीही लांबून.

प्रश्न : बॅटरी उतरली. ट्रकच्या बॅटरीवरून स्टार्ट करू का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तुमची गाडी १२ ची, कॉम्प्युटर जळेल. दुसरी कार घ्या, किंवा १२ व्होल्टचा ट्रॅक्टर. लाल वायर आधी तुमच्या प्लसला, मग दुसऱ्याच्या प्लसला. काळी दुसऱ्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. विडी तर दूरच ठेवा. चालू झाल्यावर वायरी उलट्या क्रमाने काढा आणि अर्धा तास गाडी फिरवा.