सोपं करायचं ते आपल्याच ताटातून

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. थीम पार्कातल्या त्या 'गावरान' हॉटेलात आपल्या बेळगाव भागाचं ताट तुझ्याकडे सोपवलंय आणि मॅनेजर म्हणतोय, पाळण्यातून उतरलेल्या माणसाला एण्णेगाई, म्हणजे आपलं रश्शातलं भरलं वांगं, कळत नाही, रश्शात क्रीम ओत, पनीर घाल. आता तू मला विचारतेस, अस्सल ठेवू की ओळखीचं? अगं, माझ्या चुलीपाशी शिकलेल्या पोरीला हा प्रश्न पडावा? सोपं जरूर कर, पण ते आपल्याच ताटातून कर.

तिखटाचंच घे. संकेश्वरी मिरची पाहुण्याला झेपणार नाही, मान्य. मग ब्याडगी घे ना! हावेरी जिल्ह्यातली, 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालेली; रंग लालभडक आणि तिखट बेताचं. आपल्या डब्यात ती असताना क्रीम कशाला? वर दही आहे, काकडी आहे, कच्चा कांदा आहे. जिभेची आग विझवायची सोय या ताटात आधीपासूनच आहे.

भाकरीचं दुखणं मात्र खरं आहे. दुपारी एक वाजता सगळं पार्क एकदम जेवायला येणार, आणि उकळत्या पाण्यात पीठ मळून हातावर थापलेली भाकरी तासाभरात वातड होणार. म्हणून मैद्याची रोटी आणणार? कडक भाकरी कर. ज्वारीचीच, पण अगदी पातळ थापायची, कडेला बोट लावलं तर पलीकडचा उजेड जाणवावा इतकी. तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत राहायचं, ओल पार जाईपर्यंत. बरेच दिवस टिकते. बेळगावात दुकानांतून तिच्या थप्प्या लागलेल्या तू पाहिल्यासच. सोबत शेंगाची चटणी, तिच्यावर तेलाची धार. पापड मोडून खाणाऱ्या लेकराला ती खायला शिकवावं लागत नाही. आणि शेवटी कुंदा ठेव. पेढा खाल्लेला माणूस कुंद्याला नाही म्हणत नाही. पुन्हा सांगते, आपल्याच ताटातून.

मोठ्या पार्कांची भीती मला घालू नकोस. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कात 1982 साली फ्रान्सच्या दालनातलं हॉटेल पॉल बोक्यूज, रॉजे व्हेर्जे आणि गास्ताँ लनोत्र या नावाजलेल्या फ्रेंच आचाऱ्यांनी उभं केलं. तिथं कांद्याचं सूप मिळतं. अमेरिकन माणसाला सहज रुचणारं, आणि तरी फ्रान्सचंच. पॅरिसजवळचं डिस्ने 1992 साली उघडलं तेव्हा पार्कात वाइन द्यायची नाही असा कंपनीचा नियम होता. फ्रेंच लोकांनी बोंब मारली आणि पुढच्याच वर्षी नियम सुटला. तेव्हा मॅनेजरचा शब्द म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे.

मला एका रिसॉर्टवाल्यानं बोलावलं होतं. झुणक्यात चीज घाला म्हणाला. मी दह्यातली मिरची सुचवली, ब्याडगी सुचवली, वांग्यात दाण्याचं कूट वाढवून दाखवलं. त्यानं चव घेतली नाही, मी पदर खोचून परत आले. पोराची फी भरायची होती त्या वर्षी, घरचे बोलले. अजूनही लोक मला आडमुठी म्हणतात. म्हणोत. मी नकार दिला तो पर्याय दिल्यानंतर, हे कुणी ध्यानात घेत नाही. हात चालत होते तोवर मोठं स्वयंपाकघर मिळालं नाही, ही खंत आहेच. ते तुला मिळालंय, म्हणून इतकी चिडून लिहितेय.

मॅनेजरशी वाद घालू नकोस. त्याला भूक लागलेली असताना ताट वाढ: कडक भाकरी, ब्याडगीतली एण्णेगाई, चटणी, दही, कोवळी मेथी, मुळा. आणि तो जेवत असताना समोर उभी राहू नकोस, माणसाला अवघडल्यासारखं होतं.

ब्याडगी किती लागेल ते कळव. संक्रांतीनंतर नवा माल येतो, तेव्हा पारखून पाठवते.

तुझी,
आक्का