ते भांडे काही दिवस तसेच राहू द्या

अमेरिकेतील युटा राज्यातून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्या मूळच्या नाशिकच्या. एकवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या युटा व्हॅलीत गेल्या. सासरचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मॉर्मन, म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्या लिहितात : ‘आमच्या वॉर्डात (चर्चच्या स्थानिक मंडळीत) माझ्याखेरीज सगळ्यांचे सगळे जागच्या जागी आहे. लहान मुलांना शिकवण्याचे कॉलिंग (चर्चने सोपवलेले सेवेचे काम) माझ्याकडे आहे. शनिवारी रात्री एक-एक वाजेपर्यंत तयारी करते, तरी रविवारी छातीत धडधडते. थोरला एकोणीस वर्षांचा आहे आणि मिशनवर (धर्मप्रसाराच्या सेवेवर) जाणार नाही म्हणतो. गेले तीन रविवार मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले आणि सभा सुरू झाल्यावर घरी परतले. श्रद्धा गेलेली नाही. पण मी इथली कधी होणार?’

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ते वाक्य मिशनबद्दलचे नाही आणि कॉलिंगबद्दलचेही नाही. गेल्या वर्षी तुमची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रिलीफ सोसायटीतील, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेतील, एक शेजारीण बटाट्याचा गरम पदार्थ घेऊन आली, आणि ‘तिसऱ्याच दिवशी उठून मी तिच्या भांड्यात गुळपोळ्या घालून ते परत केले,’ असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडची रीत मलाही शिकवलेली आहे आणि ती मला मनापासून आवडते. परंतु टाके ओले असताना पोळ्या लाटायला उभे राहणे ही रीत नव्हे. ती कर्जफेड झाली. तुमच्या दुखण्याचे मूळ मला तिथे दिसते. देवाशी, वॉर्डाशी आणि सासरच्या पूर्वजांशीही तुम्ही असाच हिशेब मांडून बसला आहात, आणि त्या वहीत देणे नेहमी तुमच्याच नावावर निघते.

मी तुमच्या चर्चची सभासद नाही, हे आधीच सांगते. अकरा वर्षे साल्ट लेक सिटीत राहिले आणि एका शेजारणीबरोबर कितीतरी रविवारी मागच्या रांगेत बसले. त्यांपैकी एक रविवार माझ्या मनातून जात नाही. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा प्रभुभोजनाच्या टेबलापाशी गुडघे टेकून पावावरची प्रार्थना म्हणत होता. ही प्रार्थना शब्दशः म्हणावी लागते. शब्द चुकला तर ती पुन्हा म्हणायची असते आणि ती नीट झाली की नाही याकडे वॉर्डाचे प्रमुख असलेल्या बिशपांचे लक्ष असते, हे तुम्ही जाणताच. त्या मुलाची ती तीन वेळा चुकली. त्याचे कान लालबुंद झाले होते आणि मायक्रोफोनमधून त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. सभागृह भरलेले असूनही कोणी साधे खाकरलेसुद्धा नाही. चौथ्या वेळी प्रार्थना पूर्ण झाली, बिशपांनी मान हलवली, आणि पावाच्या तुकड्यांचे तबक नेहमीसारखेच हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत आले. ज्या जागी तुमची मंडळी एका शब्दाचीही चूक चालवून घेत नाही, त्या जागीसुद्धा चुकणाऱ्याला टेबलावरून उठवत नाहीत. तो पुन्हा म्हणेपर्यंत सगळे थांबतात.

त्या प्रार्थनेत माणसाकडून मागितले आहे ते काय, हेही एकदा शांतपणे वाचून पाहा. 1830 साली चर्च स्थापन झाले तेव्हापासून ते शब्द जवळजवळ तेच आहेत. येणाऱ्याने साऱ्या आज्ञा पाळून दाखवल्या आहेत, असे पावाच्या प्रार्थनेत कुठेही म्हटलेले नाही. ख्रिस्ताचे नाव स्वतःवर घेण्याची आणि त्याच्या आज्ञा पाळण्याची त्याची तयारी आहे, एवढेच म्हटले आहे. तयारी तर तुमच्याकडे आहेच. नसती तर तीन रविवार नेटके कपडे करून तुम्ही पार्किंगपर्यंत गेला नसता.

‘तुम्ही परफेक्ट व्हा’ हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन तुमच्या फ्रीजवर लावलेले आहे, असे तुम्ही लिहिता. त्याच्या शेजारी आपल्या मराठी बायबलमधील तेच वचन लावा. तिथे शब्द आहे ‘पूर्ण’. मराठीत घर पूर्ण होते, शिक्षण पूर्ण होते, नवस पूर्ण होतो. ‘पूर्ण’ म्हटले की वेळ आणि वाटचाल गृहीत धरलेली असते, आणि डाग नसण्याशी या शब्दाचा फारसा संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही असाच, शेवटास गेलेले, तडीस गेलेले. हा अर्थ मी पदरचा सांगत नाही. पुढे चर्चचे अध्यक्ष झालेले रसेल नेल्सन यांनी 1995 च्या ऑक्टोबरमधील सर्वसाधारण परिषदेत तो उलगडून सांगितला होता, आणि त्याच वचनापुढे ‘शेवटी कधीतरी’ अशी पुस्ती जोडून चर्चचे आणखी एक नेते जेफ्री हॉलंड 2017 साली त्यावर बोलले. पात्रता म्हणजे निर्दोषता नव्हे, या विषयावर 2021 च्या परिषदेत एक स्वतंत्र भाषणच झाले. ज्या गोष्टीबद्दल व्यासपीठावरून इतक्या वेळा बोलावे लागते, ती व्यथा एकट्या तुमची असणे शक्य नाही. तुमच्या पुढच्या रांगेतील इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांच्या घरातही कोणीतरी शनिवारी रात्री एक वाजता जागे असते.

तरीही जे आहे ते आहे. युटाच्या राज्यचिन्हावर मधमाश्यांचे पोळे आहे आणि राज्याचे ब्रीद ‘उद्योग’ या एका शब्दाचे आहे. तिथल्या माणसांना रिकामे बसणे जमत नाही, आणि कोणाचा मुलगा मिशनवर गेला, कोणाचा नाही, याची नोंद काही नजरा घेतातच. त्या नजरा तुम्ही कल्पनेने रचलेल्या नाहीत. तो दोष पाहणाऱ्यांचा आहे, आणि तो सुधारण्याची जबाबदारी तुमच्या गृहपाठात जमा करू नका. तुमच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथात नेफीच्या दुसऱ्या पुस्तकातील ‘आपण करू शकतो ते सारे केल्यानंतर’ कृपेने तारण होते, हे वचन तुमच्याकडे अनेक जण दुकानाच्या बिलासारखे वाचतात : आधी आपण सारे भरायचे, मग उरलेली रक्कम कृपा भरणार. चर्चचे नेते डिटर उक्टडॉर्फ यांनी 2015 साली याच वाचनाला हरकत घेतली होती. ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आता सासूबाईंच्या दिवाणखान्यातील त्या चित्राविषयी, ज्याकडे पाहून तुम्हाला लाज वाटते. पतीचे पूर्वज 1856 साली सामानाच्या हातगाड्या ओढत पायी युटाकडे निघालेल्या तांड्यात होते, ‘त्यांनी बर्फ तुडवला आणि मला शनिवारचा धडा झेपत नाही,’ असे तुम्ही लिहिता. ती हकिगत अर्ध्यावर सोडू नका. विली आणि मार्टिन यांचे ते दोन तांडे उशिरा निघाले होते, आणि तो निर्णय चुकीचा होता. वायोमिंगच्या बर्फात ते अडकले आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. जे वाचले ते केवळ स्वतःच्या चिकाटीवर वाचले नाहीत. 5 ऑक्टोबरला साल्ट लेकमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांनी परिषदेचे बाकी विषय बाजूला ठेवून, मैदानात अडकलेल्या त्या माणसांना आणायला निघा, असे सांगितले आणि दोनच दिवसांत पीठ, कपडे आणि पांघरुणे भरलेल्या गाड्या निघाल्या. पुढे हाडे गोठलेल्या माणसांना त्या गाड्यांवर चढवून आणले गेले. तुमच्या मुलांचे रक्त अशा माणसांचे आहे, ज्यांनी कोणीतरी पुढे केलेला हात धरला.

‘मी इथली कधी होणार’ याचे उत्तर तुमच्या चर्चच्या रचनेतच आहे. वॉर्ड आपण निवडत नाही आणि वॉर्डही आपल्याला निवडत नाही. हद्दी आखलेल्या असतात आणि तुमचे घर ज्या हद्दीत, तो वॉर्ड तुमचा. तिथे कोणालाही गुण पाहून घेतलेले नाही. बिशपही दिवसा कुठेतरी नोकरी करतात आणि हे काम बिनपगारी करतात. त्यांना भेटा आणि शिकवण्याच्या कॉलिंगमधून काही महिने मोकळीक मागा. कॉलिंग परत करणे म्हणजे श्रद्धा परत करणे नव्हे. येत्या रविवारी फक्त पहिला तास बसा. 2019 पासून सभा दोनच तासांची असली तरी सध्या तुमच्यासाठी प्रभुभोजनाची सभा पुरे आहे.

मुलाचा प्रश्न मुलाचा आहे. त्याला कारणे विचारा, पण ती ऐकताना रिलीफ सोसायटीत काय सांगायचे याची जुळवाजुळव मनात करू नका. तो घरात मोकळेपणाने बोलू शकतो, हेच मला तुमच्या घराचे मोठे भाग्य वाटते.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. झालेल्या चुकीची प्रार्थनेत पुन:पुन्हा कबुली देऊनही समाधान होत नाही, रात्री उठून पुन्हा प्रार्थना करावी लागते, असे तुम्ही दोन ठिकाणी लिहिले आहे. पापभीरूपणाच्या या टोकाला वैद्यकशास्त्र मंत्रचळाचाच एक प्रकार मानते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. बिशपांच्या भेटीबरोबरच समुपदेशकाची वेळही घ्या, आणि शक्यतो तुमची श्रद्धा समजून घेणाऱ्या समुपदेशकाची घ्या.

मिनिस्टरिंग करणारी, म्हणजे चर्चतर्फे तुमची विचारपूस करणारी, ती शेजारीण ‘काही हवे का’ असा मेसेज दर महिन्याला पाठवते आणि तुम्ही दर महिन्याला ‘सगळे छान आहे’ असे कळवता. या वेळी तिला सांगा की तुम्ही तीन रविवार गाडीत बसून परत आलात. ती बहुधा विचारेल की जेवण कोणत्या दिवशी आणू. तिला वार सांगा. तळाला चिकटपट्टीवर तिचे नाव लिहिलेले ते काचेचे भांडे धुऊन ओट्यावर ठेवा, त्यात काही भरू नका, आणि ती स्वतः न्यायला येईल तेव्हा तिला आत बोलावून बसवा.