रुमाल सोडण्यापूर्वी

आपल्या घराण्यातील मोडी पत्रांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आपण प्रथमच सोडणार आहात, म्हणून आधी एवढेच सांगतो की घाई करू नये. कागद ज्या क्रमाने बांधलेले असतील त्याच क्रमाने पेन्सिलीने अनुक्रमांक घालावेत, कारण तो क्रम हाही एक पुरावाच असतो. पत्रात अनेकदा केवळ ‘छ’ (म्हणजे चंद्र, चांद्र तारखेची खूण) लावलेली तारीख आणि मुसलमानी महिना एवढीच मिती असते, आणि अशा वेळी शेजारच्या कागदावरूनच साल ठरवता येते.

जुनी काजळाची शाई उजेडाने फारशी फिकी पडत नाही, परंतु ती डिंकात घोटलेली असल्यामुळे पाण्याने पसरते. त्यामुळे ओल्या फडक्याने धूळ पुसण्याचा मोह टाळून मऊ कुंचला वापरावा. सेलोटेप आणि घरगुती लॅमिनेशन यांना तर हातही लावू नये (माझ्या उमेदवारीच्या काळात मीच एका फाटक्या यादीला टेप लावली होती, तिचा पिवळा डाग आजही आहे). फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, पण ते काम जाणकाराकडून शिकूनच करावे. लांब पत्रांत बंदांच्या (एकमेकांना जोडलेल्या कागदी पट्ट्यांच्या) सांध्यावर पाठीमागे शिक्के असतात, म्हणून मागची बाजू कधीही चिकटवून झाकू नये.

शेवटी आम्लविरहित कागदात गुंडाळून धुतलेल्या सुती कापडात बांधावे, आणि पावसाळ्यात गठ्ठा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. वाचनात अडल्यास पुण्यात 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच.