साइटच्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी मोजणारं साधन) यूजर्स ३१०, सेशन्स ४६० आणि व्ह्यूज १,९०० दिसतात. यातला खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे. पण त्यावरून पैसे घालणार असाल तर व्ह्यूजकडे बघूच नका. ठामपणे सांगतोय, कारण याच गोंधळात आमच्या घरचे पैसे गेलेत.

देवगडला आमची कलमं आहेत. हापूस थेट विकायचा म्हणून दादाने एकाकडून साइट करून घेतली. मार्चअखेर त्या माणसाचा रिपोर्ट आला: महिन्याला ४२,००० हिट्स. दादा म्हणाला, "शंभरातल्या एकाने पेटी घेतली तरी चारशे पेट्या!" लगेच चारशे खोक्यांची ऑर्डर. मी थांब म्हटलं, तर "तुला धंद्यातलं काय कळतं?"

रात्री सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही, उघडून बसलो. एकच आयपी (इंटरनेट कनेक्शनचा पत्ता), एकच मिनिट आणि ओळी ३८. त्यात पान एक, बाकी आंब्याचे फोटो, फॉन्ट, लोगो. मागितलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. शिवाय गूगलचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, आणि दिवसातून दहादा साइट उघडणारा दादा स्वतः. हे सगळं वजा केल्यावर जेमतेम पाचशे माणसं उरली. त्या मोसमात साइटवरून ३१ पेट्या गेल्या. खोकी अजून माळ्यावर आहेत.

व्ह्यूज हा हिट्सचाच भाऊबंद. एक माणूस पाच पानं फिरला की पाच. सेशन म्हणजे एक फेरी. अर्धा तास काही हालचाल नाही की संपली, जेवून परत आला की दुसरी. आणि यूजर म्हणजे माणूस नव्हे, ब्राउझर. फोनवर दर पाहून लॅपटॉपवर ऑर्डर दिली की दोन यूजर्स. सफारीत (आयफोनच्या ब्राउझरमध्ये) तर सात दिवस फिरकला नाही की कुकी, म्हणजे ओळख पटवणारी खूण, जाते, मग तोच माणूस नवा म्हणून मोजला जातो.

घरचा आयपी आधी वगळा. अ‍ॅनालिटिक्समध्ये तो फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग'वर असतो, 'अ‍ॅक्टिव्ह' केल्याशिवाय काहीच वगळत नाही. मग यूजर्स किती आणि ऑर्डरी किती, एवढंच बघा.

हां, साइट जाहिरातींवर चालत असेल तर व्ह्यूजला किंमत आहे. आणि अ‍ॅड ब्लॉकरवाले बरेचदा मोजलेच जात नाहीत, तेही धरा.

दादा अजून म्हणतो, त्या वर्षी आंबाच कमी होता. कमी नव्हता. साइटसाठी राखलेल्या पेट्या मीच टेम्पोत भरून वाशीला दलालाकडे पाठवल्यात.