संदर्भ ओळखणारे ॲप करायला घेताना
संदर्भ ओळखणारे ॲप म्हणजे वापरणारा कुठे आहे, काय करतो आहे हे ताडून त्याप्रमाणे वागणारे ॲप. त्यातली 'गाडी चालवताना सूचना बंद' ही सोय तुम्ही करायला घेतली आहे, म्हणून आधीच सांगतो: फोनला वेग कळतो, स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे हे कळत नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीने एसटीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशांनाही चालक ठरवून त्यांचे फोन मुके केले होते, आणि आलेल्या तक्रारी रास्त होत्या. अडचण जुनीच आहे. केंब्रिजच्या ऑलिवेटी प्रयोगशाळेतील ॲक्टिव्ह बॅज, म्हणजे माणूस कुठे आहे हे कळावे म्हणून अंगावर लावायचा बिल्ला, दर 15 सेकंदांनी अवरक्त संकेत पाठवत असे, पण त्यातून बिल्ला कुठे आहे एवढेच समजे, मग माणूस तो टेबलावर ठेवून चहाला का गेलेला असेना. अँड्रॉइड स्थानासोबत अचूकतेचा जो आकडा मीटरमध्ये देते, ती 68 टक्के खात्रीची त्रिज्या असते, म्हणजे साधारण तीनांतली एक नोंद त्या वर्तुळाबाहेरची असू शकते. नवखे लोक (एके काळी मीही) तो आकडा अंतिम मानतात. त्यामुळे अंदाज चुकला तर काय बिघडेल, याचा विचार आधी करा: स्क्रीनचा प्रकाश उगाच मंदावला तर कोणी रागावत नाही, दवाखान्यातून आलेला फोन दडपला गेला तर मात्र माफी नाही. 'मी प्रवासी आहे' हे बटण पहिल्याच स्क्रीनवर ठेवा, आणि ते एकदा दाबले की त्या प्रवासात पुन्हा विचारू नका.