जीआरईच्या गणितात शेवटचे चार-पाच प्रश्न राहतातच, वेळ कसा सांभाळू?

गोव्यात फोंडा-पणजी कदंब बसमधून ये-जा करत परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या या परीक्षेची तयारी केली, म्हणून अनुभवाचंच सांगतो. गणिताचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न, २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न, २६ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं. तेवढ्यात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जा, त्या भागाची वेळ संपेपर्यंत मागे येता येतं. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काहीच सोडू नका.

माझा वेळ खाल्ला तो तुलनेच्या प्रश्नांनी, म्हणजे दोन राशींपैकी मोठी कोणती, की दोन्ही समान, की ठरवता येत नाही, हे सांगायचं. मी हिशेब करत बसायचो! क्ष मोठा की क्षचा वर्ग? २ घातले तर वर्ग मोठा, अर्धा घातला तर क्ष. झालं, 'ठरवता येत नाही'. शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक घालून बघायची सवय लावा. ३६ चे २५ टक्के काढायला पडद्यावरचा कॅल्क्युलेटर कशाला उघडायचा?

चुकांची वही ठेवा: गणित आलं नाही, की प्रश्नच घाईत वाचला? माझ्या निम्म्या चुका घाईच्या निघाल्या.

आणि हो, पावसाळ्यात सराव परीक्षेला बसण्याआधी लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. आमच्याकडे वीज नेमकी विसाव्या मिनिटाला जायची.