कटिंगला पुस्तक बंद

(दर महिन्याला आम्ही एका वाचकाला काही प्रश्न पाठवतो. या वेळची उत्तरं चाळीसगावहून आली आहेत. ताई तीस वर्षं शिलाईकाम करतात. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलं आहे. कारण पहिल्याच उत्तरात सापडेल.)

अलीकडे कोणती ऑडिओबुकं ऐकलीत? काय आवडलं?

माझ्याकडे ऑडिओबुकांचे दोन गठ्ठे आहेत. एक मशीनचा, एक तुरपाईचा. मशीन चालू असताना दहा वाक्यं हुकली तरी ज्याचं काही बिघडत नाही, ते मशीनचं पुस्तक. रहस्यकथा बहुतेक याच गठ्ठ्यात जातात. खून कोणी केला हे शेवटी दोनदा सांगतातच. तुरपाई, हुक, काज-बटण ही मुकी कामं. तिथे एकेक शब्द ऐकू येतो, म्हणून चांगलं पुस्तक त्या वेळेसाठी राखून ठेवते.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या लग्नसराईत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सगळं ऐकलं. शाळेत त्यातला धडा होता, तेव्हा फक्त प्रश्नोत्तरं पाठ केली होती. आता कळलं की ही बाई लिहीतच नाही, ओट्यावर बसून बोलते. वडिलांच्या सोवळ्याचे एकेक प्रकार ती अशा काही सुरात सांगते की हसावं की त्या घरातल्या बायकांची कीव करावी, कळत नाही. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी पुढे पाचेक वर्षांनी तो धर्म घेतला. मधल्या वर्षांत त्या बाईचं काय झालं असेल! पण ती रडायला बसत नाही, चार पावलांवर पुन्हा काहीतरी गमतीचं काढते. माझ्या माहेरच्या एक काकू अशाच बोलायच्या. मयतावरून आल्या की आधी तिथे कोण कसं वागलं ते सांगायच्या, डोळ्यांना पदर नंतर.

तर या लक्ष्मीबाईंच्या नादात मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या पाठीच्या भागावर पुढचा गळा कापून ठेवला. पैठणीवरचं कापड, जादा एक बोटसुद्धा नाही. कात्री खाली ठेवली आणि ते दिसलं, तेव्हा पोटात गोळा आला. मग मागे जाळीचा तुकडा लावून वर लेस फिरवली आणि 'सध्या हीच फॅशन आहे' म्हणून दिलं. बाई खूश झाल्या, बहिणीचाही तसाच शिवायला टाकून गेल्या. त्या तुमचं मासिक घेतात. म्हणून नाव नको. त्या दिवसापासून नियम केला: कटिंगला पुस्तक बंद.

वाचणाऱ्याचा आवाज कसा असावा?

वाचणारा असावा, नट नसावा.

'श्यामची आई'ची दोन ध्वनिमुद्रणं ऐकली. एकात पहिल्या वाक्यापासून मागे सारंगी आणि वाचणाऱ्याचा गळा भरलेला. आमच्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्या पलंगावरून म्हणाल्या, "हाऊ माणूस वाची ऱ्हायना का रडी ऱ्हायना?" ते बंद केलं. दुसऱ्यात एका बाईंनी सरळ, न थांबता, न कढ काढता वाचलंय. ते ऐकताना सासूबाईच रडल्या. माझ्या मते त्यातच सगळं आलं. ऐकणाऱ्याच्या वाट्याचं रडू वाचणाऱ्याने का खर्चून टाकावं?

शिवाय ते पुस्तक ऐकण्यासाठीच केलेलं आहे. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशा. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्याआधी काही वर्षं ते आमच्या जिल्ह्यात अमळनेरला शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळायचे. पोरांना रात्री बसवून गोष्टी सांगायची सवय तिथेच मुरली असणार, असं मला आपलं वाटतं. आम्हीही मग रोज एकच रात्र लावायची असं ठरवलं. सासूबाई जेवण लवकर उरकायला लागल्या, हा वरचा फायदा.

एक तक्रार आहे. एका खानदेशी गोष्टीच्या ध्वनिमुद्रणात वाचणाऱ्यांनी कळण्याच्या भाकरीतला 'कळणा', म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, असा काही उच्चारला की मला ते दुखणं वाटलं, पोटात कळ येते तसं. ज्या मुलखाची गोष्ट, तिथल्या कोणाला तरी आधी फोन करून विचारावं. आम्ही फुकट सांगू.

पण ऐकणं म्हणजे खरं वाचन नव्हे, असं अनेक वाचक आम्हाला लिहितात.

लिहू देत. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात ओव्या म्हणत गेल्या, घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतल्या आणि 1952 साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. 'तुम्ही लिहिलं कुठे, नुसतं म्हटलं,' असं त्यांना कोणी ऐकवलं का?

ग्राफिक नॉव्हेलकडे कशा वळलात?

चित्रांची सवय जुनी. वडील रद्दीतून इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, मराठीतला वेताळ, म्हणजे फँटम, त्यातच भेटला. मग लग्न झालं आणि वेताळ सुटला. आता भाची नाशिकला कॉलेजात आहे, ती सुट्टीला येताना जाड जाड चित्रांची पुस्तकं आणते. इंग्रजी मला अडखळत येतं. ती वाचते, मी चित्रं बघते, अडलं तर "मावशी, थांब, सांगते" म्हणते. इथे हात मोकळे लागतात. शिलाई करता करता चित्र बघता येत नाही, म्हणून ही पुस्तकं फक्त वीज गेल्यावर नाहीतर रविवारी.

पहिलं आणलं ते 'पर्सेपोलिस'. मार्जान सत्रापी या इराणी बाईंनी स्वतःचं लहानपण काळ्या-पांढऱ्यात काढलंय. क्रांतीनंतर शाळेत पोरींना डोक्यावरून कापड घेणं सक्तीचं झालं, तिथून सुरुवात. मी शिंपीण, मला आधी कापडच दिसलं. एकाही पोरीच्या कापडाला चूण नाही, घडी नाही, सलग काळं. कोणतंही कापड अंगावर आलं की कुठे ना कुठे दुमडतंच. तिने दुमडच काढली नाही. चेहरे तेवढे वेगवेगळे. तीन दिवसांनी लक्षात आलं की सक्ती म्हणजे काय ते तिने त्या एका काळ्या रंगात सांगून टाकलंय.

त्याच पुस्तकात एक शिलाईचा प्रसंग आहे. तो मी भाचीकडून दोनदा वाचून घेतला. आईबाप तुर्कस्तानात जातात, लेकीला इंग्रजी गाणेवाल्यांची पोस्टरं हवी असतात आणि इराणात त्यांना बंदी. आई काय करते, नवऱ्याच्या ओव्हरकोटाचं अस्तर उसवते, पोस्टरं आत सरकवते आणि पुन्हा शिवते. बाप तो कोट घालून कस्टममधून बाहेर पडतो. भाची म्हणाली, किती धाडस! मी म्हटलं, धाडस राहू दे, पाठीला असा कागद असेल तर कोट ताठ उभा राहणार, बसताना कुरकुर वाजणार, कसं कोणाला कळलं नाही? मी शिवलं असतं तर पोस्टराचे उभे तुकडे करून... भाचीने पुस्तक मिटलं.

'माउस' जड गेलं. आर्ट स्पीगलमन यांच्या वडिलांची, हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या माणसाची गोष्ट. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं. त्याला 1992 साली पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. आधी वाटलं, एवढ्या मोठ्या दुःखाला उंदीर-मांजर कशाला? वीस पानांनंतर ते उंदीर आहेत हेच विसरले. त्यातला म्हातारा व्यायामाच्या सायकलवर पाय मारत मारत मुलाला सगळं सांगतो आणि मुलगा टेपवर उतरवून घेतो. मी पाय मारत ऐकते, तो पाय मारत सांगतो! छावणीत तो बूट दुरुस्त करून जगला, तर बुटाचा तळ कसा बसवायचा तेही चित्र काढून दाखवलंय. कारागीर माणसाची गोष्ट आहे ती, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त मनात राहिलेलं?

'भीमायन'. 2011 सालचं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी जोडप्याची. बाबासाहेबांना पाणी, निवारा आणि प्रवास यांत काय काय सोसावं लागलं ते आहे. पानावर चौकटी नाहीत. गोंडांच्या भिंतीवर असते तशी डिग्ना, म्हणजे नक्षीची नागमोडी किनार, पानभर फिरते आणि चित्रं वेगळी करते. आगगाडी सापासारखी, हापशाचा दांडा हत्तीच्या सोंडेचा. आणि बोलण्याचे फुगे! सोसणाऱ्या माणसांचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि ज्यांच्या बोलण्यात जातीचा डंख आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मला इंग्रजी कळायच्या आधी नांगी कळत होती.

आणि त्यात आमचं गाव निघालं. भाचीने "चाळीसगाव" वाचलं तेव्हा मी म्हटलं, दुसरं असेल. दुसरं नव्हतं. 1929 साली बाबासाहेब सरकारच्या समितीवर होते, चौकशीसाठी धुळ्याकडे आले होते. परतताना इथल्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवर ते तासभर ताटकळले. कारण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली: टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून त्यांच्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा टांग्यासकट नदीत पडला.

मी तेवढ्यावर थांबले नाही. त्यांनी स्वतः लिहिलेली हकिगत भाचीने मोबाइलवर काढली आणि वाचून दाखवली. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजतो, असं त्यात आहे. मी या गावात जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, हे मला एकदाही कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अस्तराचा गठ्ठा घ्यायला स्टेशनवर गेले होते. रिक्षावाला म्हणाला, बसा ताई. मी बसले आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाही. तो दोनदा आरशात बघत होता.

खानदेशातलं एखादं ग्राफिक नॉव्हेल व्हावं असं वाटतं का?

वाटतं. केकी मूस यांचं. आमच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात ते राहायचे. मोठे फोटोग्राफर. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्याचे डोंगर, देखावे करायचे आणि फोटो काढायचे. घराबाहेर जवळपास पडायचेच नाहीत. ते रोज पंजाब मेलची वाट बघायचे, कोणीतरी येणार होतं, असं गावात सांगतात. 1989 च्या शेवटच्या दिवशी ते गेले.

त्यात बोलणं जवळजवळ नको. गाडी येते, दार उघडतं, कोणी उतरत नाही, दार लागतं. पुन्हा तेच. भाची चित्रं बरी काढते, तिला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तीच चौकट पन्नास वेळा? कंटाळतील लोक." मी म्हटलं, एका ब्लाऊजला तुरपाईचे टाके किती असतात ते मोजून बघ. तिने अजून तरी कागद घेतलेला नाही.

आता पुढे काय ऐकणार?

दिवाळीचं काम सुरू झालंय. मशीनचा गठ्ठा.